देखभालीला माणूस पगारी ठेवावा की काम उक्तं द्यावं?

वाकडची_मालकीण: वाकडला आमच्या 14 खोल्या भाड्याने आहेत, बहुतेक हिंजवडीत नोकरी करणारी मुलं. अकरा महिन्यांचे करार. खोली रिकामी झाली की रंग, नळ, गिझर सगळं निघतं. पावसाळ्यात गच्ची गळते. नेहमी येणारा माणूस म्हणतो, "ताई, महिना 18 हजार द्या, सगळं मी बघतो." बाबा म्हणतात उक्तंच बरं.

भाऊ_७२: बाबांचं ऐका. 14 खोल्यांत रोज काय मोडणार? हिवाळ्यात बसून पगार द्याल. वर उचल, दिवाळी, गावची जत्रा. माझ्याकडे एक होता, उचल घेऊन गेला तो गेलाच. वॉशर बदलायला 300 घेतले तरी परवडतं.

वायरमन_हडपसर: 300 दिसतात, पण रात्री दहाला एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा विजेचा स्विच) पडतो तेव्हा उक्तेवाला फोन उचलत नाही. आम्हीही नाही उचलत, खोटं कशाला बोलू! त्यात उक्त्यात गळतीवर पांढरं सिमेंट फासून मोकळं होणारेच जास्त. पुढच्या पावसात पुन्हा बोलावणं, पुन्हा पैसे.

भाऊ_७२: आणि पगारी माणूस टाकीवरून पडला तर? उक्त्यात ती कटकट नाही.

वायरमन_हडपसर: कोण म्हणतं? कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय. ठेकेदाराचा माणूस असला तरी काम तुमच्याच धंद्याचं असेल तर तो तुमच्याकडे मागू शकतो. शिवाय नऊ ते सहा तुमच्याकडेच थांबायचं, दुसरीकडे जायचं नाही आणि पावतीवर मात्र 'ठेकेदार', असली पावती भांडणात टिकत नाही.

हिशोबी: एक बाजू राहिली. भाडं घरभाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवत असाल तर मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. पगार द्या नाहीतर बिलं, वेगळं काही वजा होत नाही. कराचं कारण डोक्यातून काढा. पीएफची भीतीही नको, सक्ती 20 माणसांपासून. विम्यासाठी त्याच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा घ्या, वर्षाला 20 रुपये.

वायरमन_हडपसर: त्या विम्याचे 2 लाख मिळतात ते मेल्यावर किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यावर. हात मोडून तीन महिने घरी बसला तर त्यातून दमडी मिळत नाही. मालकाच्या नावाने कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, ती घ्या.

भाऊ_७२: म्हणजे 18 हजार आणि वर पॉलिसी. घ्या!

वाकडची_मालकीण: मागच्या वर्षीची बिलं आज जोडली. रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोडून महिन्याला सरासरी 11 हजार. त्यामुळे त्याला अर्धा दिवस 10 हजारांवर विचारलं, मोठी कामं उक्तीच. तो तयार आहे, पण दुपारनंतर शेजारच्या सोसायटीची कामं घेणार म्हणतो. मला चालेल. बाबांना मात्र तेच खटकतंय: "पगार आपला आणि हा राबणार दुसऱ्याकडे?"

वायरमन_हडपसर: बाबांना विचारा, उरलेले 8 हजार ते देणार आहेत का?