साडेनऊ की साडेदहा? (ए-बी विंग, सोसायटी ग्रुप)

मंगळवार, 28 ऑक्टोबर

कुलकर्णी, बी-302 (सकाळी 7.12): सर्वांना नमस्कार. एक विनंती, राग नसावा. काल रात्रीपासून या ग्रुपवर अमेरिकेतल्या विद्यापीठाची नऊ पोस्टरं आली. ऊर्जा, पर्यावरण, संशोधन, वेबिनार. आणि आमच्या नळाला तीन दिवस गरम पाणी नाही. पाऊस गेला, ऊन कडक पडतंय, तरी सोलरचं पाणी कोमट. याचं संशोधन कोण करणार?

पाटील सर, ए-201: काका, पोस्टरं सहाच आहेत. तीन चुकून दोनदा गेली.

कुलकर्णी, बी-302: म्हणजे नऊच झाली.

पाटील सर, ए-201: चिरंजीव तिकडे बॅटरीवर पीएचडी करतोय, तुम्हाला माहीतच आहे.

हिरेमठ, ए-103: माहीत आहे की ओ सर. लिफ्टमध्ये रोज कळतंय.

पाटील सर, ए-201: 🙏 विद्यापीठाची व्याख्यानं सगळ्यांना फुकट आहेत. घरबसल्या ऐकायची. जुन्या बॅटऱ्यांतून लिथियम परत काढणं, शेतातल्या टाकाऊ मालापासून इंधन, कचराडेपोतला मिथेन, समुद्रातल्या पवनचक्क्या, तापणारी शहरं, घरांवरचं सोलर. म्हटलं क्लबहाऊसच्या टीव्हीवर सगळे मिळून बघू. तो टीव्ही वर्ल्डकपनंतर कुणी लावलाय का?

जोशी काकू, बी-102: शुभ सकाळ 🙏 (गणपतीचा फोटो)

सुनंदा वहिनी, बी-401: माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. वर गच्चीवर सोलरचं पाणी सांडतं. सेक्रेटरींनी येऊन बघावं. (फोटो)

जोशी काकू, बी-102: पाटील सर, ते सगळं इंग्रजीत असणार ना? आम्हाला काय कळणार त्यातलं?

हिरेमठ, ए-103: मराठीत नाही, कन्नडमध्ये पण नाही. बरं झालं, भांडणच नको.

चव्हाण (सेक्रेटरी): हिरेमठ, सकाळी सकाळी नको हो.

हिरेमठ, ए-103: गंमत केली की. मी येऊलोय व्याख्यानाला. चहा आहे काय?

कुलकर्णी, बी-302: समुद्रातल्या पवनचक्क्या. बेळगावात बसून. आम्हाला समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावं लागतं. पंखेच बघायचे असतील तर यल्लम्माला जाताना सौंदत्तीच्या बाजूला डोंगरावर फिरतात ते बघा, लिंक लागत नाही.

स्नेहल, बी-104: काका, उसाच्या चोथ्याचा विषय मात्र आपलाच आहे. जिल्ह्यातले कारखाने आता पेटतील. हा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, कारखाना चालवून उरलेली ग्रिडला देतात. इथेनॉल आत्ता मळीपासून आणि उसाच्या रसापासून होतं. चोथ्यापासूनही करता येतं, पण तो घट्ट तंतू आधी फोडून त्यातली साखर सोडवावी लागते, खर्च तिथे आहे. मग चोथा जाळायचा की मुरवायचा, हा खरा प्रश्न. मी तेवढं ऐकणार आहे.

हिरेमठ, ए-103: मुरवायचं म्हटलं की आमचे लोक पुढे.

रोहन, ए-304: मला बॅटरीचं ऐकायचंय. 2019 चं केमिस्ट्रीचं नोबेल लिथियम-आयनवर मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. आपल्या कमिटीच्या सरासरी वयापेक्षा थोडेच जास्त.

चव्हाण (सेक्रेटरी): रोहन, पुढच्या वर्षी तूच हो सेक्रेटरी.

कुलकर्णी, बी-302: बॅटरीवरून आठवलं. पार्किंगमधल्या प्लगला स्कूटर कोण लावतं रात्रभर? तो प्लग कॉमन मीटरवर आहे. नाव घेत नाही.

रोहन, ए-304: नाव घेतलंच की काका. एक पूर्ण चार्ज म्हणजे साधारण तीन युनिट, तेही आठवड्यातून दोनदा. महिन्याचे पैसे चव्हाण काकांना देतो, वहीत लिहिलंय.

कुलकर्णी, बी-302: वही कुठे असते?

चव्हाण (सेक्रेटरी): वही आहे. सापडली की टाकतो.

सुनंदा वहिनी, बी-401: पुन्हा टाकतेय. माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. वर गच्चीवर सोलरचं पाणी सांडतं. सेक्रेटरींनी येऊन बघावं. (फोटो)

देसाई साहेब, ए-402: उशिरा बघितलं, क्षमस्व. स्कूटरच्या तीन युनिटांवरून भांडण्यापेक्षा कॉमन मीटरचं बिल बघा. लिफ्ट, बोअरची मोटार, जिन्यातले दिवे. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेची 200 युनिटपर्यंतची सवलत तुमच्या घरच्या मीटरला आहे, कॉमन मीटरला नाही. म्हणून घरात विजेचं सोलर बसवायला कोणी तयार होत नाही, बिलच शून्य येतंय तर कशाला? ते मला कळतं. पण कॉमन मीटरचा खर्च मेंटेनन्समध्ये आपणच भरतो. मी हे एजीएममध्ये दोनदा मांडलं. दोन्ही वेळा समोसे आले आणि विषय पुढे गेला.

चव्हाण (सेक्रेटरी): साहेब, समोसे तुम्हीच मागवले होते.

देसाई साहेब, ए-402: तो वेगळा विषय. फेब्रुवारी 2024 ला गच्चीवरच्या सोलर विजेसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली. घराला 3 किलोवॅट किंवा त्यापुढे 78,000 रुपये अनुदान, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यातच सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला 18,000 आहे हे कोणी वाचत नाही. आपण 10 किलोवॅट बसवलं तर 1,80,000 होतात. जागा साधारण हजार चौरस फूट. किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा, चाळीस झाली. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य दिसत नाही तेव्हा फार कमी, ते बाकीच्या महिन्यांत भरून निघतं. जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि नेट मीटर ती वजा करतो. तीस वर्षं वीज खात्यात काढली आहेत, पोस्टर बघून सांगत नाही.

पाटील सर, ए-201: साहेब, पोस्टरचा राग माझ्यावर का?

कुलकर्णी, बी-302: म्हणजे लाइट गेली तरी लिफ्ट चालेल? मग माझा पाठिंबा.

देसाई साहेब, ए-402: नाही चालणार. हे मी गेल्या वेळीसुद्धा सांगितलं होतं. ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच गच्चीवरची वीज मारेल. लाइट गेल्यावर चालवायचं तर बॅटरी पाहिजे, तिचा खर्च वेगळा.

कुलकर्णी, बी-302: मग पाठिंबा नाही.

हिरेमठ, ए-103: एका मिनिटात सरकार पडलं.

स्नेहल, बी-104: देसाई काका, त्या व्याख्यानांत एक घरांवरच्या सोलरचंच आहे. तुम्ही तिथे प्रश्न विचारा ना. ऑनलाइन विचारता येतो.

देसाई साहेब, ए-402: मी त्यांना काय विचारणार? गोकाकच्या धबधब्यावर गिरणीसाठी वीज केली ती 1887 ला. शिवनसमुद्रची वीज कोलारच्या खाणींना गेली 1902 ला. आपल्या भागाला हे नवीन नाही. नवीन आहे ते एकमत होणं.

जोशी काकू, बी-102: वा साहेब 👏 गोकाकची करदंट मिठाई आणली होती आमच्या यांनी, कोणाला हवी असेल तर घेऊन जा.

हिरेमठ, ए-103: मला. आत्ता येऊलोय.

कुलकर्णी, बी-302: आणि गच्ची कोणाची? ए विंगची गच्ची टाक्यांनी भरली. बी विंगवर वॉटर हीटर. सोलर पॅनल मग आमच्याच डोक्यावर येणार.

सुनंदा वहिनी, बी-401: आमच्या डोक्यावर आधीच पाणी येतंय. पुन्हा टाकतेय. (फोटो)

चव्हाण (सेक्रेटरी): सर्वांना नम्र सूचना. सगळे विषय घेऊन शनिवारी 1 तारखेला क्लबहाऊसमध्ये मीटिंग. संध्याकाळी 6.

रोहन, ए-304: 1 नोव्हेंबरला? सीमाप्रश्नाची काळ्या दिवसाची फेरी असते काका, अर्धी सोसायटी तिकडे.

हिरेमठ, ए-103: आणि मला कर्नाटक राज्योत्सवाच्या झेंड्याला जायचंय. संध्याकाळी तुम्ही पण दमून, मी पण दमून. समोरासमोर बसवून काय करणार ओ?

चव्हाण (सेक्रेटरी): ग्रुपवर राजकारण नको. मीटिंग पुढे ढकलली.

देसाई साहेब, ए-402: तिसऱ्यांदा.

पाटील सर, ए-201: मग असं करू. घरांवरच्या सोलरचं व्याख्यान मंगळवारी, 4 तारखेला आहे. तिकडे दुपारी 12, आपल्याकडे रात्री साडेनऊ. ते बघू आणि तिथेच मीटिंग उरकू. चहा माझ्याकडून.

हिरेमठ, ए-103: आणि गोडाला कुंदा पण.

पाटील सर, ए-201: कुंदा पण.

कुलकर्णी, बी-302: मी येणार नाही. मी साडेनऊला झोपतो.

शुक्रवार, 31 ऑक्टोबर

स्नेहल, बी-104: मिथेनचं व्याख्यान ऐकलं काल. आपला कचरा तुरमुरीच्या डेपोत जातो. ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळाली नाही की तो कुजून मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त उष्णता अडवतो. तुरमुरीच्या लोकांनी वासाचं, माशांचं किती वर्षं सोसलंय. आपल्याला निदान ओला-सुका वेगळा करता येईल. आज बी विंगच्या हिरव्या डब्यात डायपर होतं.

जोशी काकू, बी-102: आमच्याकडे कोणी लहान नाही बाई.

रोहन, ए-304: फोटो बघितला. मुलांचं नाहीये ते, मोठ्यांचं आहे.

कुलकर्णी, बी-302: डब्यात वाकून फोटो काढणाऱ्यांना मला काही बोलायचं नाही. घरात म्हातारी आई आहे.

स्नेहल, बी-104: सॉरी काका. मला माहीत नव्हतं. तो डबा वेगळा ठेवायला सांगते मावशींना.

कुलकर्णी, बी-302: ठीक आहे. त्या डब्यांवर काय टाकायचं ते मोठ्या अक्षरांत लिहा. चष्म्याशिवाय दोन्ही सारखेच दिसतात.

सुनंदा वहिनी, बी-401: ओल आता कपाटापर्यंत आली. पुन्हा टाकतेय. (फोटो)

चव्हाण (सेक्रेटरी): वहिनी, प्लंबर उद्या येतो म्हणालाय.

सुनंदा वहिनी, बी-401: गेल्या शुक्रवारी पण उद्याच होतं.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

कुलकर्णी, बी-302 (रात्री 9.28): क्लबहाऊसला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे?

हिरेमठ, ए-103: काका? तुम्ही झोपता ना साडेनऊला?

कुलकर्णी, बी-302: गरम पाण्याविना झोप कुठली. किल्ली.

चव्हाण (सेक्रेटरी): आलो आलो.

देसाई साहेब, ए-402 (रात्री 9.41): टीव्हीवर फक्त घड्याळ उलटं पळतंय. 49 मिनिटं बाकी दाखवतंय. पाटील सर?

पाटील सर, ए-201: थांबा, मुलाला विचारतो.

पाटील सर, ए-201 (रात्री 9.46): क्षमस्व 🙏 परवा रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे गेली. थंडीत तसं करतात. दुपारचे 12 म्हणजे आता आपले साडेदहा.

कुलकर्णी, बी-302: देश एवढा पुढारलेला आणि घड्याळ मागे.

हिरेमठ, ए-103: कुंदा तरी वेळेवर आहे काय?

देसाई साहेब, ए-402: बसून काय करायचं. कुलकर्णी आणि मी टॉर्च घेऊन बी विंगच्या गच्चीवर जातोय.

जोशी काकू, बी-102: जपून हो, शेवाळ आहे जिन्यात.

देसाई साहेब, ए-402 (रात्री 10.09): चव्हाण, मे महिन्यात बी विंगची नवी टाकी कट्ट्यावर चढवली ना? कट्टा किती उंच केला?

चव्हाण (सेक्रेटरी): दोन फूट असेल. वरच्या मजल्याला प्रेशर येत नव्हतं म्हणून. वहिनींनीच तक्रार केली होती.

देसाई साहेब, ए-402: सोलरला थंड पाणी देणारी टाकी वर गेली, सोलरचा हवा सोडायचा पाइप तेवढाच राहिला. तो कायम टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच पाहिजे. आता टाकी भरली की त्यातून पाणी सांडतंय. आणि सोलरच्या टाकीत गरम पाणी वर असतं, थंड खाली. त्यामुळे सांडतंय ते तापलेलं पाणीच. दिवसभर ऊन खाऊन तयार झालेलं पाणी वहिनींच्या भिंतीत आणि कुलकर्ण्यांच्या बादलीत थंड. रोग एकच आहे.

सुनंदा वहिनी, बी-401: म्हणजे माझी भिंत गरम पाण्याने भिजतेय?

हिरेमठ, ए-103: वहिनी, तुमची भिंत आंघोळ करते, काका करत नाहीत.

रोहन, ए-304: पण मे पासून सांडतंय तर गरम पाणी आत्ताच का गेलं?

देसाई साहेब, ए-402: पावसाळ्यात सगळे गीझरवरच होते, कोणाला कळणार? आणि टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉकही सुटलाय. टाकी आता काठोकाठ भरते. आज बॉल कॉक बांधून ठेवतो. उद्या पाइपला तीन फुटांचा तुकडा जोडायचा, सॉकेट लावून. प्लंबरला मी स्वतः सांगतो काय करायचं ते.

पाटील सर, ए-201 (रात्री 10.33): सुरू झालं! सगळे कुठे आहात? बाई फार छान बोलतायत. गच्चीवरच्या सोलरवरच आहे.

कुलकर्णी, बी-302: आम्ही गच्चीवरच आहोत.

पाटील सर, ए-201: अहो, इथे मी आणि हिरेमठच आहोत.

हिरेमठ, ए-103: आणि कुंदा. तो पण थोडाच राहिलाय.

कुलकर्णी, बी-302: येतोय. देसाई म्हणतात इथे आमच्या बाजूला पाण्याच्या टाकीमागे नऊशे चौरस फूट तरी मोकळी जागा आहे. पावलं टाकून मोजली. पॅनलला मी अजून हो म्हटलेलं नाही, नोंद असावी.

सुनंदा वहिनी, बी-401: पाइप होईल. माझ्या भिंतीचा रंग कोण देणार?

चव्हाण (सेक्रेटरी): वहिनी, तो विषय मीटिंगला घेऊ.