रोजच्या गाडीला स्वस्तातले कॉइलओव्हर: घालायचे की नाद सोडायचा?

रंकाळा_जीटी
गाडी 2015ची पोलो जीटी टीएसआय, रनिंग 92 हजार. रोज कळंबा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि महिन्यातून एकदा पन्हाळा नाहीतर गगनबावडा. पुढचा डावा शॉकअप तेल टाकायला लागलाय. चारही नवीन कंपनीचे घालायचे तर मजुरी धरून तीस हजारांच्या आसपास सांगतात. पुण्याच्या एका दुकानात कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, तैवानी मोनोट्यूब (एकाच नळीचा) सेट लाखाच्या जरा खाली मिळतोय. ऑनलाइन एक चिनी सेट बेचाळीस हजारांत दिसला.

माझं मत सरळ आहे. तीस घालवायचेच आहेत तर वर बारा टाकून उंची आणि कडकपणा हातात का घेऊ नये? गाडी जमिनीला टेकवायची नाही मला, 25-30 मिलिमीटर खाली, बास. मऊ हवी तर कॉलर (स्प्रिंगखालची आट्यांची कडी) सैल करायची, घाटात जायचं तर आवळायची. कुणाचं काय म्हणणं असेल ते सांगा. फक्त ‘स्प्रिंग कापून घे’ म्हणणाऱ्यांनी लांबूनच नमस्कार घ्यावा.

उद्यमनगरचा_पाना
भावा, आधी गाडीखाली वाक आणि बघ. 92 हजार झाल्यावर टॉप माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, सगळं वाजायला लागलेलं असतं. तू शॉकअपवर खापर फोडायलास आणि निम्मा खडखडाट त्या बुशांचा हाय. आधी चार-पाच हजारांचं रबर बदल, मग बोलू.

दुसरं, बेचाळीस हजारवाला सेट. ब्रँडचं नाव घेत नाही, पण तसला एक सेट मी गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवला. दिवाळीत बसवला, पुढच्या श्रावणात काढला. वरचं माउंट रबराचं नसतं त्याला, गोळ्याचं असतं, पिलोबॉल म्हणतात. रेसच्या गाडीला भारी, पण आपल्या धुळीत नि पावसात आठ महिन्यांत टक-टक सुरू. कॉलरचे आटे तर असे गंजले की हुक पाना लावला की पानाच घसरायचा. गॅस लावून, डब्ल्यूडीचा (गंज सोडवायचा) स्प्रे मारून, शेवटी छिन्नीनं फिरवली. उंची कमी-जास्त करायची सोय म्हणं! एकदा बसवली की बसली ती कायमची.

पन्हाळा_सहा_वाजता
पाना, तुमचा मान आहे, पण एका भिकार सेटवरून सगळ्या जातीला शिव्या नको. माझ्या स्विफ्टला तैवानी मोनोट्यूब आहेत, तीन पावसाळे झाले. दर दोन महिन्यांनी आटे ब्रशने घासतो, वर सिलिकॉन ग्रीस. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याला माहीत आहे; तसल्या पाण्यातून आणि पुढे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चिखलातून गाडी काढायची आणि खाली पाण्याचा एक फवाराही मारायचा नाही, मग कंपनीचा शॉकअपसुद्धा गंजेल.

आणि फरक काय पडतो ते चालवल्याशिवाय कळणार नाही. पन्हाळ्याच्या वळणांवर ओरिजिनल गाडी आधी झुकते, मग वळते. माझी वळते. एवढंच. ब्रेक मारला की नाक घालत नाही. हायवेला शंभरवर ट्रक ओलांडताना जो हेलकावा यायचा तो गेला. हे पैसे दिखाव्यावर गेलेले नाहीत.

उद्यमनगरचा_पाना
दोन महिन्यांनी आटे घासणारा माणूस शंभरात एक. उरलेले नव्याण्णव माझ्याकडं येतात.

मागची_सीट
मी चालवत नाही, बसते. आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी असलाच स्वस्त सेट घातला. पुढे बसणाऱ्याला ‘काय मस्त चिकटून चालते गाडी’ आणि मागे मी, सासूबाई आणि मांडीवर डबा. राजारामपुरीतल्या एका गल्लीत तर स्पीड ब्रेकर आला की ह्यांनी गाडी तिरकी घालायची, आम्ही पोट आत घ्यायचं, आणि तरी चेंबर घासायचंच. सासूबाई आता जोतिबाला एसटीने जातात. मला विचाराल तर रोजच्या गाडीचं सस्पेन्शन निवडताना ड्रायव्हर सीटवरच्या माणसाचं मत धरूच नये.

पन्हाळा_सहा_वाजता
ताई, गाडी किती खाली घेतली होती?

मागची_सीट
दोन बोटं चाकावर ठेवली की कमान लागायची. मला मिलिमीटर कळत नाहीत.

कागल_फाउंड्री
मी दोन्ही बाजूंशी थोडा भांडणार. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने पुढच्या उत्तरावर जावं.

आधी रंकाळा_जीटीचा गैरसमज. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होत नाही. साधी एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जेवढं वजन घेते, तेवढंच कॉलर वर असो की खाली, घेत राहते. गाडीचं वजन तेच आहे, त्यामुळे कॉलर फिरवून फक्त उंची बदलते. घाटासाठी आवळायची आणि शहरासाठी सैल करायची हा बेत कागदावरच मोडला. शिवाय उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतो, म्हणजे प्रत्येक वेळी अलाइनमेंट. ते टाळलं तर टायरची आतली कड सहा महिन्यांत साफ. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, आहे, तिथे तर अलाइनमेंटला फिरवायला काही नाहीच.

कडकपणाचं बटण असतं ते शॉकअपचं, आणि एकाच बटणाच्या सेटमध्ये ते मुख्यतः स्प्रिंग उघडण्याचा वेग आवरतं, रिबाउंड. इथे खरी मेख आहे. समजा मूळ स्प्रिंग मिलिमीटरला अडीच किलोची आहे आणि सेटमध्ये पाच किलोची आली. दुप्पट स्प्रिंग म्हणजे गाडी दुप्पट आदळत नाही. हेलकाव्याचा वेग वर्गमुळाने वाढतो, सेकंदाला 1.3 असेल तर साधारण 1.8 होतो. हे रोज सोसण्यासारखं आहे. त्यामुळे ‘कॉइलओव्हर म्हणजे बैलगाडी’ हे पानांचं म्हणणं मला मान्य नाही. पण तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे चाळीस टक्के, शॉकअपचा जोरही वाढायला हवा, आणि स्वस्त सेटमध्ये नेमका तोच खर्च वाचवलेला असतो. मग लोक बटण पूर्ण आवळतात. आता चाक खड्ड्यात दबतं पण वेळेत परत उघडत नाही, तेवढ्यात पुढचा खड्डा. चार-पाच लागोपाठ आले की गाडी बसत बसत बंप स्टॉपवर, म्हणजे चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, जाते. मागे बसलेल्या ताईंना जे दणके बसले ते बहुतेक स्प्रिंगचे नव्हतेच, रबरी बंप स्टॉपचे होते.

उद्यमनगरचा_पाना
म्या कुठं बैलगाडी म्हणलो? पण त्ये बंप स्टॉपचं बरोबर सांगितलंसा. काढलेल्या सेटचे बंप स्टॉप भुगा झालेले असतात, कायम बघतो.

कागल_फाउंड्री
म्हणूनच विकत घेताना ब्रँडच्या आधी हे विचारावं: उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते की स्प्रिंगच्या बशीवरून? खालचं ब्रॅकेट वेगळं फिरणारं असेल तर गाडी खाली घेऊनही शॉकअपची चाल तशीच राहते. फक्त बशी खाली नेणारा सेट असेल तर तीस मिलिमीटर खाली म्हणजे दबायच्या चालीतले तीस मिलिमीटर गेले. खोक्यावर दोघांच्याही ‘ॲडजस्टेबल’च लिहितात.

आणि एक गंमत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे तुमच्या गाडीत स्प्रिंग पहिल्यापासून शॉकअपवरच आहे. मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. तिथे ‘कॉइलओव्हर’ सेटमध्ये बहुधा वेगळी स्प्रिंग आणि खाली फिरवायची बशी येते. कुणी स्वस्तात मागेही स्प्रिंग शॉकअपवर चढवून देतो म्हणाला तर पळून जा. मागच्या शॉकअपचा नटबोल्ट गाडीचं वजन पेलायला बनवलेलाच नाही.

बिंदू_चौक_वकील
थोडक्यात बोलते. आरसी बुकवर सस्पेन्शनचा रकाना नसतो, म्हणून ‘कायद्यात बसतं’ असं सांगणारे दुकानदार भेटतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019च्या दुरुस्तीतलं 182अ वाचा. परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यात कुणी वाकून बघेल की नाही हा भाग वेगळा. विमा कंपनीला मात्र लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर वाकून बघतोच.

पन्हाळा_सहा_वाजता
वकीलताईंचं मान्य. मी कळवलं होतं, पोच जपून ठेवली आहे.

कागलवाल्यांचं वाचून माझंच मत जरा हललं. माझ्या सेटला खालचं ब्रॅकेट वेगळं आहे, म्हणून मला त्रास नाही, आणि मी त्याचं श्रेय सगळ्या कॉइलओव्हरना देत होतो. तरी एवढं म्हणेन की लाखाच्या सेटला लोक महाग म्हणतात आणि त्याच गाडीला सत्तर हजारांचे अलॉय आणि टायर घालतात. एक मोठं रिम घातलं की टायरची भिंत बारीक होते, म्हणजे गाडी अजून आदळणार. त्यापेक्षा सोळाऐवजी पंधराचं चाक ठेवा आणि पैसे शॉकअपवर घाला.

उद्यमनगरचा_पाना
ह्ये मात्र लाखातलं बोललास.

रंकाळा_जीटी
आज दुपारी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवली. पाना जिंकले: डाव्या बाजूचं टॉप माउंट फाटलंय, दोन्ही लिंक रॉड सैल, लोअर आर्मचा मागचा बुश चिरलेला. शॉकअप गळतोय ते खरंच, पण आवाज त्याचा नव्हता.

चिनी सेटवाल्याला कागलकरांचा प्रश्न पाठवला. उत्तर आलं, ‘यस सर फुल्ली ॲडजस्टेबल सर’. पुन्हा विचारलं, खालचं ब्रॅकेट फिरतं का? ‘यस सर बेस्ट क्वालिटी सर’. तो विषय संपला.

उंचीचाही हिशोब केला. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर 165. तीस गेले, 135 उरले, चार माणसं बसली की अजून कमी. इंडियन रोड काँग्रेसच्या 1988च्या नियमात गोल स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय. तसला असता तर गाडी सहज गेली असती. आमच्या कळंब्याच्या गल्लीतला दीड फूट रुंद आणि वीतभर उंच आहे. तो गल्लीवाल्यांनी रात्रीत घातलाय, त्याला कुठला नियम.

आता मन दोन गोष्टींवर आहे. कंपनीच्या तोडीचे चांगले गॅस शॉकअप मूळ स्प्रिंगवर आणि सगळे बुश नवे, किंवा वर्षभर थांबून तैवानी सेट, उंची पंधरा मिलिमीटरच खाली. पहिल्याकडे डोकं जातंय, दुसऱ्याकडे मन. पन्हाळा_सहा_वाजता, रविवारी तुमच्या स्विफ्टमधून एक फेरी मिळेल का?

पन्हाळा_सहा_वाजता
ये की भावा. सहाला रंकाळ्यावर, वर जाऊन झुणका-भाकर.

मागची_सीट
त्यांच्या शेजारी बसू नका. मागे बसा, आणि आईला सोबत घेऊन जा.

रंकाळा_जीटी
आईला विचारलं. म्हणते, सहाला नको, सातला येते, आणि येताना दूध घेऊन यायचं आहे.