भाचा सतरा वर्षांचा आहे; निरीक्षणगृहातून घरी आल्यावर पुढे काय?

उत्तरेश्वर पेठ (प्रश्न)

माझ्या बहिणीचा मुलगा सतरा वर्षे चार महिन्यांचा असून बारावीला आहे. गेल्या महिन्यात रंकाळ्याजवळ दोन गटांत मारामारी झाली, एका मुलाच्या पोटाला चाकू लागला आणि चार सज्ञान तरुणांबरोबर आमच्या भाच्याचेही नाव फिर्यादीत आले. चाकू त्याच्या हातात नव्हता. मात्र तो तिथे होता आणि त्यानेही हात उचलला होता, हे त्याने मला स्वतः सांगितले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावण्यात आले आहे. मुलगा तालमीत जाणारा, अंगाने थोराड आहे, त्यामुळे पहिल्या रात्री पोलीस ठाण्यात त्याचे वय एकोणीस लिहिले गेले आणि त्याला इतरांबरोबरच कोठडीत ठेवले. सकाळी मी दहावीचे प्रमाणपत्र घेऊन धावलो, तेव्हा कुठे त्याला बाल न्याय मंडळासमोर नेण्यात आले. नऊ दिवस निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) राहून तो आता जामिनावर घरी आहे.

बातम्या देणाऱ्या एका स्थानिक पानावर त्याचा फोटो नावासह फिरला. कॉलेजने तोंडी सांगितले की काही दिवस येऊ नये. दाजी त्याच्याशी बोलत नाहीत. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे पाचला धावायला जात असे. ते बूट आता दाराआड तसेच पडून आहेत. माझ्या बहिणीला रात्री झोप लागत नाही, कारण येत्या काही महिन्यांत त्याला अठरा पूर्ण होतील आणि मग त्याला कळंबा कारागृहात नेतील, असे कोणीतरी तिला सांगितले आहे. हे खरे आहे का? भरतीची आशा सोडायची का? आणि मंडळासमोर आम्ही नेमके कसे वागावे?

वकील, कसबा बावडा

नमस्कार. आधी ताईंची भीती दूर करतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ५ नुसार, चौकशी चालू असताना मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली तरी ती चौकशी तो बालक असल्याप्रमाणेच पुढे चालते. वय मोजायचे ते घटनेच्या दिवशीचे. त्यामुळे वाढदिवस झाला म्हणून कळंब्याला नेण्याचा प्रश्न येत नाही.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाला सज्ञान समजून खटला चालवता येतो, हे अर्धवट ऐकून लोक घाबरतात. ती तरतूद फक्त निर्घृण गुन्ह्यांसाठी, म्हणजे ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे त्यासाठी, आहे. कलम १०९ ची कमाल शिक्षा मोठी असली तरी त्यात सात वर्षांची किमान शिक्षा नाही, आणि असे गुन्हे ‘गंभीर’ या वर्गात मोडतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातच स्पष्ट झाले. तेव्हा आपल्या भाच्याची चौकशी मंडळासमोरच होईल. इतर चौघांचा खटला वेगळा चालेल, कारण बालक आणि सज्ञान यांची एकत्र सुनावणी कलम २३ ने वर्ज्य केली आहे. दोष सिद्ध झाला तरी समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या हमीवर परिवीक्षा (म्हणजे देखरेखीखाली घरी सोडणे), असे अनेक आदेश मंडळ देऊ शकते; विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात) पाठवायचे झाल्यास कमाल मुदत तीन वर्षांची आहे.

पहिल्या रात्रीबद्दल मात्र गप्प बसू नका. बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, आणि वयाबद्दल शंका असल्यास कलम ९४ नुसार शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहायचे असते, मुलाची दाढी नव्हे. हे मंडळाला लेखी कळवा. फोटोबाबतही तसेच करा: बालकाची ओळख उघड करणे हा कलम ७४ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भरतीची आशा सोडू नका. कलम २४ नुसार या कायद्याखाली दोषी ठरलेल्या बालकाला त्या कारणाने कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो; बालपणीच्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही म्हटले आहे. फक्त चौकशी प्रलंबित असताना अर्ज भरायची वेळ आली, तर वकिलांना दाखवल्याशिवाय कोणत्याही रकान्यात ‘नाही’ लिहू नका. मुले खऱ्या गुन्ह्यापेक्षा खोट्या माहितीमुळे बाद झालेली मी पाहिली आहेत. मंडळाचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते, आणि त्यापुढे उच्च न्यायालयात जावे लागले तरी ऑगस्ट २०२५ पासून त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच असल्याने मुंबईची वारी करावी लागणार नाही.

निवृत्त परिवीक्षा अधिकारी

वकील साहेबांनी कायदा नीट सांगितला आहे, म्हणून मी घरापुरतेच लिहितो. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांच्यापुढे परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची व वागणुकीची माहिती, असतो. तो अधिकारी आपल्या घरी येईल, तेव्हा बहुतेक कुटुंबे करतात ती चूक करू नका. मी घरी गेलो की खुर्ची पुसून दिली जायची, चहा यायचा आणि मुलगा किती गुणी आहे व मित्रांनी त्याला कसे फशी पाडले, हे सर्वजण एकदम सांगू लागायचे. मला त्यातून काहीच मिळत नसे. मुलगा रात्री किती वाजता घरी येतो, असे विचारल्यावर आई आणि वडील एकमेकांकडे पाहू लागले की मला त्या घराबद्दल पुष्कळ कळायचे. आपल्या भाच्याने हात उचलल्याचे तुमच्यापाशी मान्य केले, ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या वकिलांशी बोलून घ्या, पण मुलाला खोटे पाठ करून देऊ नका.

दाजींचे मौन मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. वडील तारखेला न आल्यास मंडळ मुलाला कोणाच्या हमीवर सोडणार? ज्या जमातींना गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावले जात होते, त्यांची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये याच कोल्हापूर संस्थानात बंद केली, आणि फासेपारध्यांना त्यांनी आपल्याकडे कामाला ठेवले. त्याच गावात एका सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या दारातून परत पाठवले जावे, याचे मला मनापासून दुःख होते. कॉलेजकडून तोंडी निरोप मुळीच स्वीकारू नका. हजर राहू देण्याची विनंती लेखी द्या आणि पोच घ्या.

टर्नर, उद्यमनगर

मी २०११ मध्ये सोळा वर्षांचा असताना दुसऱ्या जिल्ह्यातील एका निरीक्षणगृहात एकवीस दिवस होतो, मोटारसायकल चोरली म्हणून. आज लेथवर काम करतो आणि माझ्या हाताखाली दोन मुले आहेत. तिथे मारहाण झाली नाही, पण दिवस संपता संपत नसे. सकाळी मोजणी, स्टीलच्या ताटात पोहे, मग दुपारपर्यंत भिंतीला पाठ लावून बसणे. शिकवायला येणारे सर आठवड्यातून दोनदाच यायचे. ते आले की आम्ही न सांगता ओळीने बसायचो, कारण तेवढा एक तास कोणीतरी आम्हाला नावाने हाक मारायचे.

सुटून आल्यावर सर्वांत अवघड गेले ते घरचे जेवण. मी जेवायला बसलो की सगळे गप्प व्हायचे. तीन आठवड्यांनी माझ्या चुलत्यांनी मला काही न विचारता सायकलवर डबल सीट घेतले आणि वर्कशॉपमध्ये नेऊन हातात व्हर्निअर (माप घ्यायचे साधन) दिला. मापात चुकलो तर ते ओरडायचे, पण त्या चोरीचा उल्लेख त्यांनी आजवर एकदाही केलेला नाही. मामा, तुम्ही त्याच्याबरोबर पहाटे धावायला जा. धावता आले नाही तर मैदानाच्या कडेला उभे राहा.

उत्तरेश्वर पेठ

सर्वांचे आभार. काल रात्री हा धागा मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या तारखेसाठी त्यांनी कारखान्यात रजेचा अर्ज दिला आहे. कॉलेजला उद्या पत्र देतो आहे. त्या पानाने फोटो आता काढून टाकला आहे, मात्र माझ्याकडे त्याची छायाप्रत आणि तारीख आहे; तक्रारीला एवढे पुरेल का, हे वकील साहेबांनी कृपया सांगावे.