बोस्टन मॅरेथॉन: पात्रता वेळेच्या २ मिनिटं २० सेकंद आत आहे. थांबू की पुन्हा धावू?

नमस्कार मंडळी,

२०२७ च्या बोस्टनला माझं वय ४६ असेल. बोस्टनला अर्ज करायचा तर आधी एखादी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत धावलेली असावी लागते. त्या वयोगटातल्या पुरुषांना ३:१५:०० (तास:मिनिटं:सेकंद) लागते. मी सपाट रस्त्यावर ३:१२:४० केली. ३८ व्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, रेलिंग धरून उभा राहिलो, घड्याळाकडे बघायचं नाही म्हणत तिकडेच बघत होतो. तिथे मिनिटभर तरी गेलं.

घरी ‘पात्र झालो’ म्हणून सांगूनही टाकलं. मग कळलं, पात्र होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. अर्ज जास्त आले की वेगवान धावपटूंपासून जागा भरत जातात आणि संपल्या की उरलेल्यांवर काट. २०२५ साठी पात्रता वेळेच्या ६:५१ (मिनिटं:सेकंद) आत असावं लागलं. २०२६ साठी साठीच्या आतल्यांची वेळ ५ मिनिटांनी कडक केली, तरी ४:३४ ची काट लागलीच.

जागा मोजक्या, रेघ कुठेतरी मारावीच लागणार, हे मान्य. पण ती कुठे आहे हे धावून झाल्यावर कित्येक महिन्यांनी सांगायचं? त्यापेक्षा लंडन मॅरेथॉनची सोडत बरी. २०२६ साठी ११ लाखांहून जास्त अर्ज होते. तिथे मी तीनदा हरलोय, राग एकदाही आला नाही.

२०२७ पासून उताराच्या शर्यतींनाही चाप आहे. १,५०० फूट उतार असेल तर वेळेत ५ मिनिटं वाढवणार, ३,००० पासून १०, आणि ६,००० पासून पुढे वेळ धरणारच नाहीत. (बोस्टनचा रस्ताही एका दिशेचा आणि उताराचाच. म्हणून तर केनियाच्या जेफ्री मुताईची २०११ मधली इथली २:०३:०२ विश्वविक्रमात धरली नाही!)

यामुळे काट २:२० च्या खाली येईल का? की सप्टेंबरच्या अर्जाआधी आणखी एक मॅरेथॉन मारू? पोटरी अजून कुरकुरतेय. देणगी गोळा करून मिळणाऱ्या बिबवर (छातीवरच्या क्रमांकावर, म्हणजे प्रवेशावर) जायचं नाही, तो माझा हट्ट समजा.

प्रतिसाद: २:२० वर मी तरी विसंबणार नाही. २०२४ लाही ५:२९ लागली होती. उताराच्या नियमाने काही जण गळतील, पण किती, हे अर्ज आल्याशिवाय कळायचं नाही. अर्ज मात्र भराच, प्रवेश मिळाला तरच पैसे कापतात. दुखऱ्या पोटरीवर दुसरी मॅरेथॉन नको. आणि शर्यतीच्या दिवशी पन्नास पूर्ण असतील तर ३:२० चालते.

धागाकर्ता: म्हणजे चार वर्षं म्हातारं व्हायची वाट बघायची! बरं, अर्ज भरतो. पोटरीला कळवतो.