म्हशीच्या हाडाचा यंग्ज मॉड्युलस (ताठपणाचं माप) ८ गिगापास्कलच येतोय, चुकतंय कुठे?

अस्थी_पुणे:
हाडाची ताकद आणि तडा यावर पुण्यात विद्यापीठातल्या आमच्या गटाचं काम चालू आहे. कॅम्पातून आणलेल्या म्हशीच्या मांडीच्या हाडातून, मधल्या भागातून, लांबीच्या दिशेनं पट्ट्या कापल्यात: रुंदी ३ मिमी, जाडी २ मिमी. यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद तपासायचं यंत्र) थ्री-पॉइंट बेंडिंग, म्हणजे दोन आधारांवर पट्टी आणि मधोमध भार, आधारांमधलं अंतर १२ मिमी, वेग मिनिटाला १ मिमी. वाक क्रॉसहेडच्या (भार देणारा यंत्राचा सरकता भाग) सरकण्यावरून घेतोय. भार-वाक आलेखाच्या सरळ भागाचा चढ ४६० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास, म्हणजे मॉड्युलस ८.३ गिगापास्कल. माणसाच्या मांडीच्या हाडाला लांबीच्या दिशेनं १७ च्या आसपास देतात, मग म्हशीचं निम्मं कसं? हाड उणे २० अंशांवर गोठवलेलं होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत सुकल्यामुळे असं होतंय का? याच हाडाचा पुढे फ्रॅक्चर टफनेस (तडा वाढण्याला होणारा विरोध) काढायचाय.

मायक्रोमीटर:
सुकणं नाही. सुकलेलं हाड जास्त ताठ होतं, मॉड्युलस वाढतो आणि तुकडा ठिसूळपणे तुटतो. तुमचा आकडा कमी आलाय, म्हणजे कारण उलट्या बाजूला शोधा. १२ मिमी अंतर कुठून घेतलंत?

अस्थी_पुणे:
टफनेसच्या फिक्स्चरवरून (नमुना ठेवायचा साचा). तिथे ३ मिमीची बाजू उभी ठेवायची आणि अंतर तिच्या चौपट, म्हणून १२. तेच फिक्स्चर इथेही वापरलं.

मायक्रोमीटर:
मग इथेच चुकलंय. चौपट अंतर खाच असलेल्या नमुन्यासाठी असतं. मॉड्युलससाठी अंतर जाडीच्या किमान १६ पट हवं, म्हणजे २ मिमीच्या पट्टीला ३२ मिमी. तुमच्याकडे ते ६ पटच आहे.

आखूड पट्टी दोन प्रकारे फसवते. एक, ती वाकण्याबरोबर कातरतेही. कातरण्याचा वाटा साधारण ६ भागिले (अंतर/जाडी) चा वर्ग इतका असतो. ६ पटीला तो १७ टक्के आहे, १६ पटीला अडीच टक्क्यांच्याही खाली. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. १८ गिगापास्कलची २ मिमीची पट्टी १२ मिमीवर ठेवली, तर तिचा ताठपणा १००० न्यूटन प्रति मिमीच्या घरात जातो. फिक्स्चर, लोड सेल (भार मोजणारा भाग) आणि रोलरचे टेकू यांचा मिळून ताठपणाही तितकाच असेल, तर क्रॉसहेडच्या सरकण्यातला निम्मा भाग मशीनचाच. तुम्ही मशीन मोजताय, हाड नव्हे.

हाड लावण्याआधी पोलादाची तपासणी करा. त्याच आधारांवर २० मिमी जाडीचा पोलादी ठोकळा ठेवून त्याच वेगानं, हाडाला देता तेवढाच भार द्या. ठोकळा जवळपास वाकत नाही, त्यामुळे दिसणारं सरकणं मशीनचं. समजा १०० न्यूटनला ०.१० मिमी आलं, तर दर न्यूटनला ०.००१ मिमी. तुमच्या ४६० चा उलटा ०.००२१७, त्यातून ०.००१ वजा केलं की ०.००११७ उरतं, म्हणजे चढ ८५५ आणि मॉड्युलस १५.४. कातरण्याचे १७ टक्के जोडा, १८ येतो. तुमच्या फिक्स्चरचा आकडा वेगळा निघेल, पण हिशेब असाच. शक्यतो ३२ मिमी अंतर घ्या. मग पट्टीचा चढ ५०-५३ वर येतो आणि मशीनचा वाटा ५ टक्क्यांवर. पट्टी ४० मिमी तरी लांब हवी.

अंतर बदलाल तेव्हा वेगही बदला. ताणाचा दर (स्ट्रेन रेट, पट्टी ताणली जाण्याचा वेग) अंतराच्या वर्गाच्या व्यस्त असतो, म्हणून तोच दर ठेवायचा तर क्रॉसहेड ७ पट वेगानं हलवा. हाडाला दर कळतो: दर दसपट केला की मॉड्युलस सुमारे १५ टक्के वाढतो. आणि जाडी सूत्रात घनात येते. २ मिमीत ०.०५ मिमीची चूक म्हणजे उत्तरात जवळजवळ ८ टक्के. ओल्या पट्टीवरच, तीन ठिकाणी, मायक्रोमीटरनं मोजा. व्हर्नियरवर भागवू नका.

नळी_नडगी:
वरच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. थोडं नमुन्याबद्दल. खाटकाला आधीच सांगा की नळी सत्तूरनं फोडू नको, अख्खी दे. घावाच्या आसपास बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण टफनेसमध्ये उतरतात. उकळलेलं हाड तर घेऊच नका, कोलॅजेन (हाडातलं प्रथिन) बिघडतं. फॉर्मलिनही टाळा.

कापताना डायमंड चकती, कमी वेग, सतत पाणी. जळक्या केसांसारखा वास आला किंवा कापलेली बाजू पिवळसर दिसली तर तो तुकडा बाद करा. मास्क लावा, हाडाची धूळ छातीत जाऊ देऊ नका. गोठवताना सलाइननं भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा आणि चाचणी चालू असतानाही वरून थेंब सोडत राहा. पुण्याच्या एप्रिलात एवढी बारीक पट्टी लगेच सुकायला लागते. नुसत्या ०.९ टक्के सलाइनमध्ये दिवसेंदिवस बुडवून ठेवलं तर कॅल्शियम निघून जातं, म्हणून लिटरला ५७.५ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला.

टफनेससाठी सगळा जीव खाचेत आहे. चकतीची खाच बोथट असते. तीवर थांबलात तर आकडा फुगलेला येतो, कारण बोथट टोकापासून तडा सुटायला जास्त भार लागतो. चकतीनं निम्म्या खोलीपर्यंत जा, मग नव्या रेझर ब्लेडला १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून तळाशी हलक्या हातानं पुढेमागे ओढा. सूक्ष्मदर्शकात तळ टोकदार दिसेपर्यंत चाचणी नको. ब्लेड दर नमुन्याला बदला. तडा कोणत्या दिशेनं जाणार हे वहीत लिहाच: ऑस्टिऑन (हाडातल्या लांबीच्या दिशेच्या बारीक नळकांड्या) आडवे तोडताना तो त्यांच्या कडेनं वळतो, अडतो, फाटे फुटतात, लांबीच्या दिशेनं मात्र सहज चिरत जातो. दोन्ही दिशांचे नमुने एका सरासरीत घातले तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

अस्थी_पुणे:
ठोकळ्याची तपासणी आधी करतो, मग उरलेल्या पट्ट्या ३२ मिमीवर. कापलेल्या पट्ट्या २५ मिमीच्याच आहेत, त्या टफनेसला वापरल्या तर चालतील?

मायक्रोमीटर:
चालतील. १२ मिमी अंतराला दोन्ही टोकांना साडेसहा मिमी उरतं, पुरेसं आहे. खाच आडवीच पडेल, म्हणजे तो आडव्या तड्याचा आकडा धरा.