स्वादुपिंड एसबीआरटी (मोजक्या बैठकांत मोठ्या डोसचं नेमकं रेडिएशन): सीबीसीटीवर (उपचाराच्या टेबलावरच घेतलेल्या सीटीवर) मार्कर जुळतात, पण ड्युओडेनम (जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग) प्लॅनच्या जागी नाही. उपचार द्यावा का?

लिनॅक_कन्सोल
स्वादुपिंडाच्या डोक्याचा, लोकली अ‍ॅडव्हान्स्ड (जागेवरच पसरलेला, शस्त्रक्रियेने काढता न येणारा) ट्यूमर. फॉल्फिरिनॉक्स या केमोनंतर 40 ग्रे / 5 फ्रॅक्शन (पाच बैठका). साधा लिनॅक (रेडिएशनचं मशीन), 6डी कोच (फिरकीही सुधारणारं टेबल), श्वास सोडून रोखण्याची पद्धत, ट्यूमरमध्ये सोन्याचे तीन मार्कर, पित्तनलिकेत धातूचा स्टेंट (नळी). पहिली दोन फ्रॅक्शन सुरळीत झाली. तिसऱ्याच्या सीबीसीटीत मणक्यावर मॅच केलं की मार्कर रुग्णाच्या डोक्याच्या दिशेला 7-8 मिमी सरकलेले दिसतात. मार्करवर मॅच केलं की तिन्ही नीट बसतात, पण जठर गॅसने फुगलेलं आहे आणि ड्युओडेनमचा एक वळसा पीटीव्हीला (ट्यूमरभोवती मार्जिन धरून आखलेल्या लक्ष्यभागाला) टेकलाय. मार्करवर विश्वास ठेवून बीम सुरू करायचा का? की हाड आणि मार्कर यांच्या मधला शिफ्ट घ्यायचा?

फिजिक्स_डेस्क
मधला शिफ्ट अजिबात घेऊ नका. त्यात ट्यूमरच्या एका कडेला डोस कमी पडतो आणि आतडं वाचलं की नाही हेही कळत नाही. दोन्ही बाजूंनी तोटा.

हाडाचं मॅच फक्त सुरुवातीला: रुग्ण वाकडा झोपलाय का, पातळी बरोबर आहे का, एवढ्यापुरतं. मार्कर हाडापासून 7-8 मिमी दूर दिसले तर पहिला संशय श्वासावर घ्या. सीबीसीटीला मिनिटभर लागतं, म्हणजे एका स्कॅनमध्ये श्वास तीन-चार वेळा रोखावा लागतो. प्रत्येक वेळी पातळी वेगळी असेल तर मार्कर ठिपक्यासारखा न दिसता वर-खाली ओढलेल्या रेघेसारखा दिसतो, किंवा दुहेरी दिसतो. तसं असेल तर ते मॅचच खोटं. रुग्णाला पुन्हा सराव द्या, दोन-तीन रोखलेल्या श्वासांवर केव्ही फ्लुरो (चालता एक्स-रे) बघा आणि मगच नवा सीबीसीटी घ्या. मार्कर टोकदार आणि स्वच्छ दिसत असतील तर ट्यूमर खरंच सरकलाय. फुगलेलं जठर तेवढं सहज ढकलतं.

मग तिन्ही मार्करमधली आपापसातली अंतरं मोजा. प्लॅनिंग सीटीपेक्षा 2-3 मिमीहून जास्त फरक आला तर एक मार्कर निसटलाय किंवा ट्यूमरचा आकारच बदललाय. 6डी कोच साधारण 3 अंशांपर्यंत फिरकी सुधारतो. त्यापुढे रुग्णाला उठवून पुन्हा झोपवणं बरं.

आता मुख्य गोष्ट. मार्कर जुळणं म्हणजे ट्यूमर जागेवर आहे, एवढंच. ड्युओडेनम कुठे आहे ते मार्कर सांगत नाही, आणि या उपचारात खरी हद्द ड्युओडेनम ठरवतो. म्हणून प्लॅन मंजूर होतानाच 33 ग्रेची आयसोडोस रेषा (जिच्या आत 33 ग्रे किंवा जास्त डोस पडतो) स्ट्रक्चर म्हणून काढून कन्सोलवर पाठवा. मार्करवर मॅच झालं की ती रेषा सीबीसीटीवर चालू करा आणि स्लाइसमागून स्लाइस बघा: जठर, ड्युओडेनम, लहान आतडं, यांपैकी कुणाची भिंत रेषेच्या आत आली का? आली, तर बीम नाही. पाच फ्रॅक्शनमध्ये या अवयवांसाठी आम्ही 33 ग्रे 0.5 सीसीपर्यंत एवढीच मुभा देतो. 0.5 सीसी म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग. एक वळसा 4 मिमी सरकला की तेवढी भिंत आत यायला वेळ लागत नाही.

आरटीटी_सकाळपाळी
गॅससाठी: रुग्णाला खाली उतरवा, 15-20 मिनिटं चालू द्या, शौचाला जाऊ द्या, मग नवा सीबीसीटी. बऱ्याचदा एवढ्यानं जठर बसतं.

त्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची आहे. सिम्युलेशनला (प्लॅनिंग सीटीच्या वेळी) 3 तास उपाशी असेल तर रोज 3 तासच, वेळही शक्यतो तीच. काही ठिकाणी सिम्युलेशनला पाणी पाजतात आणि नंतर विसरतात. पाजलं असेल तर रोज तेवढंच मोजून पाजा, नसेल तर एक घोटही नको. आदल्या दोन दिवसांत हरभरा, वाल, कोबी, सोडा बंद. स्वादुपिंडाच्या रुग्णाला एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिलेल्या असतात, पण अनेक जण त्या जेवणानंतर तासाभराने घेतात. मग अन्न पचत नाही आणि गॅस वाढतो. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, हे नातेवाइकांनाही सांगा.

पाठीवर झोपलं की या रुग्णांची पाठदुखी वाढते. वेदनाशामक टेबलावर घेण्याच्या 30-45 मिनिटं आधी द्यायला लावा. दुखत असताना श्वास एकसारखा रोखला जात नाही. ब्युस्कोपॅनसारखं इंजेक्शन डॉक्टरांच्या लेखी आदेशावरच. काचबिंदू, लघवी अडणं, नाडी जलद असणं हे आधी विचारायचं.

एंडो_युनिट
मार्करबद्दल थोडं. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडखाली 22 गेजच्या सुईने बारीक किंवा 19 गेजने जाड मार्कर बसवतात. तीन हवेत, एकमेकांपासून दीड-दोन सेंमी दूर, एका ओळीत नकोत. ओळीत असले तर फिरकी कळत नाही. स्टेंटला खेटून ठेवलेला मार्कर सीबीसीटीवर त्याच्या पट्ट्यांत हरवतो. बसवल्यानंतर सिम्युलेशन 5-7 दिवसांनी करा, एखादा निसटायचा असेल तर त्या आधीच निसटतो. आणि स्टेंटलाच मार्कर मानू नका, विशेषतः प्लास्टिकच्या. तो सरकतो, बदललाही जातो. मधेच थंडी वाजून ताप आला किंवा कावीळ वाढली तर स्टेंट तुंबल्याचा संशय घ्या. रेडिएशन थांबवून आधी आम्हाला कळवा.

ऑन्को_ओपीडी
फ्रॅक्शन एक-दोन दिवस पुढे ढकलायला घाबरू नका. एक दिवसाआड देणं चालतं, पाचही फ्रॅक्शन दोन आठवड्यांत बसवली की पुरे. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून पुढचा डोस वाढवणं मात्र चूक आहे.

घाई का नको, तेही सांगतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलएपी07 चाचणीत, अशाच लोकली अ‍ॅडव्हान्स्ड रुग्णांमध्ये, केमोरेडिएशनने ट्यूमर जागेवर वाढण्याचं प्रमाण 46 वरून 32 टक्क्यांवर आलं, पण आयुष्य वाढलं नाही. अलायन्स या अमेरिकी संशोधन गटाच्या ए021501 चाचणीत बॉर्डरलाइन (शस्त्रक्रिया होईल की नाही या सीमेवरच्या) रुग्णांमध्ये केमोनंतर एसबीआरटी देणारी शाखा मधल्या विश्लेषणातच बंद करावी लागली. म्हणजे आपण जे देतोय त्याचा फायदा मर्यादित आणि निवडक रुग्णांपुरता आहे. त्यासाठी ड्युओडेनमला भोक पाडणं किंवा रक्तस्राव करणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. पोट आणि ड्युओडेनमसाठी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी पहिल्या फ्रॅक्शनपासून चालू करा आणि पुढे काही महिने सुरू ठेवा. व्रण उशिराही होतो.

लिनॅक_कन्सोल
20 मिनिटं चालवून पुन्हा स्कॅन केला. गॅस गेला, मार्कर आता हाडापासून 3 मिमीवर आहेत. पण ड्युओडेनमचा वळसा अजून 33 ग्रेच्या रेषेत आहे, साधारण सहा स्लाइसवर. आता?

फिजिक्स_डेस्क
आज थांबा. आजच शक्य असेल तर त्याच तयारीने, त्याच श्वासाच्या पातळीवर नवा सीटी घ्या, 1-2 मिमी स्लाइस. सीबीसीटीवर थेट डोस मोजू नका, त्याचे एचयू (घनता दाखवणारे) आकडे गॅस आणि स्टेंटजवळ भरवशाचे नसतात. नव्या सीटीवर पीटीव्हीपासून 2-3 सेंमीच्या आतलं सगळं आतडं पुन्हा रेखाटा, त्याभोवती 3 मिमीची पीआरव्ही (सुरक्षेची पट्टी) द्या आणि ती पीटीव्हीतून वजा करा. उरलेल्या भागाला पूर्ण डोस, ओव्हरलॅपला 33 ग्रेच्या खाली. कव्हरेज पडेल, पडू द्या. आधीच्या दोन फ्रॅक्शनचा आतड्यावरचा डोस जुन्या प्लॅनवरून वाईटात वाईट धरून जोडा, आणि नवा प्लॅन डॉक्टरांच्या सहीशिवाय चालवू नका.

एमआर लिनॅकवर (एमआरआय जोडलेल्या लिनॅकवर) हेच काम रोज, रुग्ण टेबलावर असतानाच होतं. स्मार्ट चाचणीत 136 रुग्णांना 50 ग्रे / 5 असंच दिलं गेलं. बीईडीचा (जैविक परिणामाच्या हिशेबाने डोसचा) फरक बघा: ट्यूमरसाठी अल्फा-बीटा (डोसला पेशी कशा प्रतिसाद देतात त्याचं गुणोत्तर) 10 धरल्यास 40 ग्रेला 72, 50 ग्रेला 100. हा वरचा डोस पेलवतो तो रोजच्या नव्या प्लॅनमुळे आणि बीम चालू असताना ट्यूमर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या गेटिंगमुळे (ट्यूमर जागेवर असेल तेव्हाच बीम). तिथेही एक फ्रॅक्शन तासाभराच्या पुढे जातं, आणि 1.5 टेस्लाच्या मशीनवर गॅसच्या कडेला इलेक्ट्रॉन वळून परत येतात, त्यामुळे आतड्याच्या भिंतीवर डोस वाढतो. गॅसपासून तिथेही सुटका नाही. साध्या लिनॅकवर 50 ग्रेची नक्कल करायचा मोह मात्र टाळा.

लिनॅक_कन्सोल
डॉक्टरांशी बोललो. उद्या सकाळी त्याच वेळी उपाशीपोटी सीटी, फ्रॅक्शन परवा. 33 ग्रेची रेषा आता नव्या प्लॅनबरोबरच मागवतो.

आरटीटी_सकाळपाळी
सीटीच्या आधी आजच्याइतकंच चालवून घ्या, नाहीतर सीटी एका पोटावर आणि उपचार दुसऱ्याच पोटावर होईल.