‘सर्वाधिक वेग’ की ‘सर्वाधिक चाल’?

कृष्णाकाठ: बारावीच्या मुलांसाठी गणितं मराठीत करतेय. कणाचं स्थान टी क्यूब वजा ६ टी स्क्वेअर अधिक ९ टी मीटर, टी १ ते ३ सेकंद, ग्रेटेस्ट स्पीड काढा. मी ‘सर्वाधिक वेग’ लिहिलं. एका मुलीने उत्तर काढलं शून्य, आणि तिचं बरोबर होतं! वेग ३ टी स्क्वेअर वजा १२ टी अधिक ९, त्याचा अवकलज, म्हणजे बदलाचा दर, शून्य धरला की टी = २, तिथे वेग उणे ३. कण मागे येतोय, म्हणून सगळ्यात मोठा वेग टोकांचा, शून्य. मला हवं होतं ३. मग ‘चाल’ लिहू का? घरात सगळे म्हणतात चाल गाण्याला असते.

जुना मास्तर: चालच लिहा ताई. पाठ्यपुस्तकात स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग, दिशा धरली की वेग. हेच गणित ० ते ४ घेतलं असतंत तर दोन्ही टोकांना वेग ९, शब्द चुकूनही उत्तर जुळलं असतं. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

घाटमाथा: पण रस्त्यावर पाटी ‘वेगमर्यादा’ अशीच असते ना, तिथे कुठली आलीय दिशा? लोक बोलतात तो शब्द पुस्तकाने हिसकावून घ्यायचा आणि वर लोकांनाच चूक म्हणायचं हे मला पटत नाही.

दुडकी: चाल काय फक्त गाण्याची नसते हो, आमचे आजोबा बैल घेताना आधी चाल बघायचे, घोड्याची तर दुडकी चाल प्रसिद्धच. पण त्यात ढब आली, किती जोरात ते नाही.

घाटमाथा: तेच तर म्हणतोय. आणि ‘सर्वाधिक’ कशाला, ‘कमाल’ म्हणा की. कमाल तापमान रोज ऐकतो आपण.

शुद्धमती: कमाल अरबी आहे, मूळ अर्थ पूर्णता. मसावितला ‘महत्तम’ पाचवी-सहावीपासून मुलांच्या तोंडात असतो, तो सोडून उसना शब्द का?

घाटमाथा: उसना कसला, शेकडो वर्षं घरात राहिलेला माणूस पाहुणा राहतो का? महत्तम तापमान म्हणून बघा एकदा मोठ्याने.

दुडकी: ‘वेग’ची गंमत म्हणजे उद्वेग, आवेग त्याच धातूतले, विज् म्हणजे थरथरणं, दचकणं. मला त्यात दिशा कुठेच दिसत नाही.

कृष्णाकाठ: सोमवारी पेपर छापायला जातोय. ‘कमाल चाल’ लिहिलं तर मुलांना कळेल का?

शुद्धमती: महत्तम चाल.